स्वाक्षरीनंतरचे तीन दिवस : गृहतारण कर्ज रद्द करण्याचा अमेरिकी कर्जदाराचा अधिकार

सारांश

करारावर स्वाक्षरी झाली की उभय पक्ष त्यास बांधले जातात, हे करारविषयक कायद्याचे मूलभूत तत्त्व होय. अमेरिकेच्या १९६८ च्या 'ट्रुथ इन लेंडिंग अ‍ॅक्ट' या कायद्याने या तत्त्वास एक महत्त्वाचा अपवाद निर्माण केला. राहते घर तारण ठेवून घेतलेले विशिष्ट प्रकारचे कर्ज स्वाक्षरीनंतर तीन कामकाजाच्या दिवसांत, कोणतेही कारण न देता, रद्द करण्याचा अधिकार त्याने कर्जदारास दिला. प्रस्तुत लेखात या अधिकाराची पार्श्वभूमी, व्याप्ती, कार्यपद्धती व न्यायालयीन विकास यांचे विवेचन केले असून अखेरीस भारतातील स्थितीशी त्याची थोडक्यात तुलना केली आहे. हा अधिकार वरकरणी पश्चात्तापाचा वाटला तरी तो मूलतः माहितीचा अधिकार आहे, आणि त्याची खरी मर्यादा मुदतीत नसून मुद्दल परत करण्याच्या कर्जदाराच्या क्षमतेत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : गृहतारण कर्ज, करार रद्द करण्याचा अधिकार, माहितीचे प्रकटन, पुनर्वित्त, मुद्दल परती

१. प्रस्तावना

सामान्य कुटुंबाच्या आयुष्यात घरावरील कर्जाइतका मोठा व दीर्घ मुदतीचा आर्थिक व्यवहार क्वचितच होतो. तरीही या व्यवहारातील निर्णायक क्षण फार थोड्या वेळात उरकला जातो. कर्जदारासमोर कागदपत्रांचा गठ्ठा ठेवला जातो, स्वाक्षरीच्या जागी खुणा केलेल्या असतात आणि मजकूर न वाचताच सह्या होतात. व्याजाचा प्रत्यक्ष दर, विविध शुल्के, हप्त्यांचा कालावधी आणि हप्ते थकल्यास घर गमावण्याची शक्यता यांचा नीट विचार अनेकदा स्वाक्षरीनंतर, घरी परतल्यावरच होतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

'सही केली, आता बोलून काय उपयोग' ही भावना आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि कायद्याची सर्वसाधारण भूमिकाही तीच आहे. करार करणारी व्यक्ती सज्ञान असेल, तिची संमती मुक्त असेल आणि कराराचा हेतू कायदेशीर असेल, तर नंतर मत बदलले एवढ्या कारणावरून करार मोडता येत नाही. अमेरिकी कायद्याने मात्र घर तारण असलेल्या काही कर्जांपुरती वेगळी भूमिका घेतली आणि स्वाक्षरीनंतर विचार करण्यासाठी वेळ देण्याची जबाबदारी कर्जदात्यावर टाकली. हा अधिकार नागरिकत्वावर अवलंबून नसल्यामुळे अमेरिकेत घर घेऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो तितकाच लागू होतो. त्याचा अभ्यास वाणिज्य, अर्थशास्त्र व विधी या तिन्ही शाखांच्या दृष्टीने उपयुक्त ठरतो.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ग्राहक-कर्जाचा झपाट्याने विस्तार झाला. मोटार, फर्निचर, घरदुरुस्ती अशा सर्व गोष्टी हप्त्यांवर मिळू लागल्या. परंतु प्रत्येक कर्जदाता व्याज वेगळ्या पद्धतीने सांगत असे. कोणी मासिक दर सांगे, कोणी मूळ रकमेवर सरळव्याज आकारून हप्ते पाडी, तर कोणी केवळ हप्त्याची रक्कम सांगून दराबाबत मौन बाळगी. त्यामुळे दोन कर्जांची तुलना करणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होते. इलिनॉय राज्याचे सिनेटर पॉल डग्लस हे स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९६० मध्ये या विषयावरील विधेयक सिनेटमध्ये मांडले. दीर्घ विरोधानंतर, सिनेटर विल्यम प्रॉक्समायर आणि प्रतिनिधिगृहातील सदस्या लिओनोर सलिव्हन यांच्या पुढाकाराने त्याचे कायद्यात रूपांतर झाले. २९ मे १९६८ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली.

या कायद्याचा मुख्य भर माहितीच्या प्रकटनावर होता. कर्ज रद्द करण्याच्या तरतुदीमागे मात्र एक विशिष्ट सामाजिक अनुभव होता. त्या काळी दारोदार फिरणारे विक्रेते घराच्या बाह्य भिंतींवर अ‍ॅल्युमिनियमचे आवरण बसवून देण्याचे, छप्पर दुरुस्त करण्याचे वा तत्सम कामांचे करार करून घेत. करारासोबत सही केलेल्या कागदांत घरावर दुय्यम गहाण निर्माण करणारा दस्तऐवज असे, आणि ही बाब अनेक घरमालकांच्या लक्षातही येत नसे. विक्रेता ते कर्ज वित्तसंस्थेस विकून मोकळा होई. काम निकृष्ट निघाले तरी वित्तसंस्था हप्त्यांची मागणी करी, आणि हप्ते थकल्यास घर लिलावात जाई. काही हजार डॉलरच्या दुरुस्तीपायी राहते घर गमावण्याच्या अशा प्रकारांना आळा घालण्यासाठी कायद्याच्या १२५ व्या कलमात रद्द करण्याचा अधिकार समाविष्ट करण्यात आला. दारावर होणाऱ्या विक्रीला तीन दिवसांची मुदत देणारा फेडरल ट्रेड कमिशनचा नियम १९७२ चा, म्हणजे यानंतरचा आहे.

३. अधिकाराची व्याप्ती

हा अधिकार सर्व गृहकर्जांना लागू नाही, ही बाब प्रथम लक्षात घेणे आवश्यक आहे. त्यासाठी पुढील अटी पूर्ण व्हाव्या लागतात. कर्ज व्यक्तीने वैयक्तिक, कौटुंबिक वा घरगुती कारणासाठी घेतलेले असावे. त्यासाठी कर्जदाराचे मुख्य राहते घर तारण असावे. सुट्टीसाठी ठेवलेले दुसरे घर किंवा भाड्याने दिलेली मालमत्ता तारण असल्यास हा अधिकार मिळत नाही. एका वेळी एका व्यक्तीचे मुख्य राहते घर एकच मानले जाते.

सर्वांत मोठा अपवाद घरखरेदीसाठी किंवा घराच्या प्रथम बांधकामासाठी घेतलेल्या कर्जाचा आहे. ज्या कर्जातून घर विकत घेतले जाते, ते कर्ज या कलमाखाली रद्द करता येत नाही. वरकरणी हे विसंगत वाटते, परंतु त्यामागील कारण समजण्याजोगे आहे. खरेदीच्या व्यवहारात विक्रेता हा तिसरा पक्ष असतो. त्याला पैसे मिळालेले असतात, मालकी हस्तांतरित झालेली असते आणि पुष्कळदा त्याच पैशांतून त्याने स्वतःसाठी दुसरे घर घेतलेले असते. कर्ज रद्द झाल्यास ही संपूर्ण साखळी उलगडावी लागेल. शिवाय कायद्याला ज्या धोक्याची चिंता होती, तो आधीपासून मालकीचे असलेले घर नव्याने धोक्यात घालण्याचा होता.

परिणामी हा अधिकार मुख्यतः तीन प्रकारच्या कर्जांत उपयोगी पडतो. पहिला प्रकार म्हणजे नव्या कर्जदात्याकडून घेतलेले पुनर्वित्त, ज्यात जुने गृहकर्ज फेडून त्या जागी नवे कर्ज घेतले जाते. दुसरा प्रकार म्हणजे घराच्या वाढलेल्या मूल्यावर घेतलेले अतिरिक्त कर्ज किंवा उचल मर्यादा. तिसरा प्रकार म्हणजे घर तारण ठेवून केलेली दुरुस्ती. मूळ कर्जदात्याकडूनच पुनर्वित्त घेतल्यास केवळ वाढीव रकमेपुरता हा अधिकार मिळतो.

आणखी एक लक्षणीय बाब म्हणजे हा अधिकार केवळ कर्जावर सही करणाऱ्यापुरता मर्यादित नाही. तारण घरात ज्याची मालकी आहे आणि जो त्या घरात राहतो, अशा प्रत्येक व्यक्तीस तो मिळतो. पती-पत्नी दोघे मालक असतील आणि कर्ज एकाच्या नावावर असेल, तरी दुसरा जोडीदार स्वतंत्रपणे व्यवहार रद्द करू शकतो. एकाने केलेली रद्दता सर्वांना लागू होते.

४. मुदतीची गणना

कायद्यानुसार कर्जदारास तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत व्यवहार रद्द करता येतो. ही मुदत तीन घटनांपैकी जी सर्वांत शेवटी घडेल, तिच्यानंतर मोजली जाते : कर्जाचा करार पूर्ण होणे, रद्द करण्याच्या अधिकाराची लेखी सूचना मिळणे आणि कर्जाविषयीची सर्व महत्त्वाची माहिती मिळणे. या महत्त्वाच्या माहितीत वार्षिक टक्केवारी दर, एकूण वित्तीय आकार, प्रत्यक्ष वित्तपुरवठ्याची रक्कम, एकूण परतफेड आणि हप्त्यांचे वेळापत्रक यांचा प्रामुख्याने समावेश होतो. सूचनेच्या दोन प्रती प्रत्येक हक्कदार व्यक्तीस द्याव्या लागतात, म्हणजे एक प्रत सही करून परत पाठवता येते आणि दुसरी स्वतःजवळ राहते. पती-पत्नी दोघेही हक्कदार असल्यास कागदी स्वरूपात चार प्रती आवश्यक ठरतात.

या प्रयोजनासाठी रविवार व राष्ट्रीय सार्वजनिक सुट्ट्या वगळून सर्व दिवस, शनिवारसह, कामकाजाचे मानले जातात. उदाहरणार्थ, शुक्रवारी सर्व कागदपत्रे मिळून सही झाली आणि मध्ये सुट्टी नसेल, तर शनिवार हा पहिला, सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा दिवस ठरतो. मंगळवारी मध्यरात्रीपर्यंत कर्जदाराने पत्र टपालात टाकले तरी पुरेसे असते. ते कर्जदात्याच्या हाती कधी पडले, हे महत्त्वाचे नाही. मात्र सूचना लेखीच असावी लागते. दूरध्वनीवरून कळवणे पुरेसे नाही.

मुदत संपेपर्यंत आणि व्यवहार रद्द झालेला नाही याची वाजवी खात्री होईपर्यंत कर्जदात्यास कर्जाची रक्कम कर्जदाराच्या हाती देता येत नाही. ही तरतूद साधी दिसली तरी फार परिणामकारक आहे. पैसा हातात आला की तो खर्च होतो आणि खर्च झालेला पैसा परत करणे कठीण जाते. म्हणून तीन दिवसांत व्यवहार रद्द करणाऱ्यास परत करण्यासारखे सहसा काही नसते. अधिकाराचा हा पहिला टप्पा त्यामुळे जवळजवळ विनाखर्च वापरता येतो.

तातडीची वैयक्तिक आर्थिक निकड असल्यास कर्जदार हा अधिकार सोडू शकतो. त्यासाठी त्याने स्वतः निकडीचे वर्णन करणारे, दिनांकित व स्वाक्षरी केलेले निवेदन द्यावे लागते. छापील नमुन्यावर सही घेण्यास मनाई आहे. छापील नमुना चालला असता तर तोही त्या गठ्ठ्यातील आणखी एक कागद झाला असता.

५. रद्दतेनंतरची प्रक्रिया

करार रद्द करण्याच्या पारंपरिक नियमानुसार, करार मोडू इच्छिणाऱ्याने आधी स्वतःला मिळालेला लाभ परत करावा लागतो. अमेरिकी कायद्याने हा क्रम उलटा केला. कर्जदाराने सूचना दिली की घरावरील तारणहक्क संपुष्टात येतो आणि वित्तीय आकाराची कोणतीही देयता उरत नाही. सूचना मिळाल्यापासून २० दिवसांत कर्जदात्याने घेतलेली सर्व रक्कम परत करावी आणि तारणहक्क काढून टाकल्याची नोंद करण्यासाठी आवश्यक कार्यवाही करावी. ही मुदत मूळ कायद्यात १० दिवस होती, ती १९८० च्या दुरुस्तीने २० दिवस झाली. कर्जदात्याने आपले कर्तव्य पार पाडल्यानंतर कर्जदाराने मिळालेली रक्कम परत देऊ करायची असते. न्यायालयास या क्रमात बदल करण्याचा अधिकार आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे हा अधिकारच कळीचा ठरला.

हिशेब कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, कर्जदाराने २,००,००० डॉलरचे पुनर्वित्त घेतले. त्यातील १,७०,००० डॉलर जुने कर्ज फेडण्यास गेले, २४,००० डॉलर रोख मिळाले आणि ६,००० डॉलर शुल्कांपोटी कापले गेले. दोन वर्षांत त्याने ३०,००० डॉलरचे हप्ते भरले. त्यानंतर व्यवहार वैधपणे रद्द झाला, तर कर्जदाराचा प्रत्यक्ष लाभ १,९४,००० डॉलर धरला जाईल. त्यातून भरलेले ३०,००० डॉलर वजा जाता १,६४,००० डॉलर परत करावे लागतील. ३० वर्षांच्या परतफेडीच्या कर्जात पहिल्या दोन वर्षांतील हप्त्यांचा मोठा भाग व्याजातच जातो. रद्दतेमुळे तो सर्व मुद्दलाकडे वळतो, हा कर्जदाराचा मोठा फायदा. परंतु १,६४,००० डॉलर उभे कोठून करायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. कर्ज रद्द होणे म्हणजे कर्ज माफ होणे नव्हे.

६. तीन वर्षांची वाढीव मुदत आणि तांत्रिक चुकांचा प्रश्न

अधिकाराची सूचना किंवा महत्त्वाची माहिती मिळालीच नाही, तर तीन दिवसांची मुदत सुरूच होत नाही. मूळ कायद्यात अशा स्थितीत कमाल मर्यादा नव्हती. १९७४ च्या दुरुस्तीने ती करार पूर्ण झाल्यापासून तीन वर्षे किंवा घराची विक्री, यांपैकी जे आधी घडेल ते, अशी ठरवण्यात आली. याच तरतुदीमुळे हा अधिकार पश्चात्तापाचा न राहता माहितीचा होतो. माहिती पूर्ण देणाऱ्या कर्जदात्यासाठी टांगणी तीन दिवसांची, न देणाऱ्यासाठी तीन वर्षांची.

न्यायालयांनी आरंभी ही तरतूद अत्यंत काटेकोरपणे लागू केली. १९८६ च्या सेमार विरुद्ध प्लॅट व्हॅली या प्रकरणात कर्जदात्याच्या नमुन्यावर रद्द करण्याची शेवटची तारीख भरण्याचे राहून गेले होते. तेवढ्या त्रुटीवरही नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने कर्जदाराचा अधिकार मान्य केला. १९९४ च्या रोडॅश विरुद्ध एआयबी मॉर्गेज या प्रकरणात २२ डॉलरचे कुरिअर शुल्क व २०४ डॉलरचा फ्लोरिडा राज्याचा कर वित्तीय आकारात धरला नव्हता. अकराव्या परिमंडळाच्या न्यायालयाने ही चूक रद्दतेस पुरेशी मानली.

या निर्णयाने कर्जउद्योगात मोठी खळबळ उडाली. असंख्य कर्जांत अशाच स्वरूपाच्या चुका असण्याची शक्यता होती. परिणामी १९९५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सहनीय चुकीची मर्यादा घालण्यात आली. सर्वसाधारणपणे वित्तीय आकार कर्जरकमेच्या अर्ध्या टक्क्याहून किंवा १०० डॉलरहून, जी रक्कम अधिक असेल तिच्याहून, जास्त कमी दाखवला नसेल तर माहिती अचूक मानली जाते. मात्र घरावर लिलावाची कार्यवाही सुरू झाली असेल, तर ही सूट केवळ ३५ डॉलर आहे. घर जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबास अधिक संरक्षण देण्याचा हेतू त्यातून दिसतो.

७. सूचना पुरेशी की दावा आवश्यक?

तीन वर्षांच्या मर्यादेचे स्वरूप १९९८ मध्ये बीच विरुद्ध ओक्वेन फेडरल बँक या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. ही केवळ दावा दाखल करण्याची मुदत नसून तीन वर्षांनंतर अधिकारच नष्ट होतो, आणि कर्जदात्याने वसुलीसाठी दावा केला तरी बचाव म्हणूनही तो पुढे करता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला.

यातून दुसरा प्रश्न निर्माण झाला. तीन वर्षांच्या आत पत्र पाठवले, पण कर्जदात्याने ते नाकारले, तर दावाही तीन वर्षांच्या आत दाखल व्हायला हवा काय? २००७ नंतरच्या गृहकर्ज-संकटात हा प्रश्न तीव्र झाला, कारण संकटापूर्वीच्या वर्षांतील पुनर्वित्त कर्जांचे हप्ते न पेलल्याने लक्षावधी घरे लिलावाच्या छायेत आली होती. अपील न्यायालयांत मतभेद होते. तिसऱ्या व चौथ्या परिमंडळांनी पत्र पुरेसे मानले, तर आठव्या, नवव्या व दहाव्या परिमंडळांनी दाव्याचा आग्रह धरला.

जेसिनोस्की विरुद्ध कंट्रीवाइड होम लोन्स या प्रकरणाने हा वाद मिटवला. मिनेसोटा राज्यातील या दाम्पत्याने २३ फेब्रुवारी २००७ रोजी ६,११,००० डॉलरचे पुनर्वित्त घेतले होते. बरोबर तीन वर्षांनी, २३ फेब्रुवारी २०१० रोजी, त्यांनी रद्दतेचे पत्र पाठवले. कर्जदात्याने ते नाकारले आणि त्यानंतर वर्षभराने दावा दाखल झाला. १३ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कर्जदाराच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी लिहिले. कायद्याची भाषा कर्जदात्यास 'सूचना देऊन' रद्द करण्याची आहे, दाव्याचा उल्लेख तेथे नाही, हे त्याचे सार होय.

या प्रकरणाचा शेवट मात्र अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुदतीचा मुद्दा ठरवला होता. सूचनेच्या आवश्यक प्रती मिळाल्या होत्या की नाही, या वस्तुस्थितीच्या प्रश्नासाठी प्रकरण खालच्या न्यायालयात परतले. तेथे असे दिसून आले की, कर्ज घेताना प्रती मिळाल्याच्या पोचपावतीवर दोघांनी सही केली होती. कायद्यानुसार अशा पोचपावतीने प्रती दिल्या गेल्याचे गृहीत धरले जाते. हे गृहीतक खोडून काढणारा पुरेसा पुरावा नसल्याने ते दाम्पत्य हरले, आणि २०१८ मध्ये आठव्या परिमंडळाच्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ज्यांच्या नावाने हा अधिकार देशभर सुलभ झाला, त्यांना तो मिळाला नाही, कारण न वाचता सही केलेल्या कागदांतच त्याविरुद्धचा पुरावा होता.

८. मुद्दल परतीची अडचण

कायद्याने उलटा केलेला क्रम न्यायालये पुन्हा बदलू शकतात, याचा उल्लेख वर आला आहे. १९९२ च्या विल्यम्स विरुद्ध होमस्टेक मॉर्गेज आणि २००३ च्या यामामोटो विरुद्ध बँक ऑफ न्यूयॉर्क या प्रकरणांत अपील न्यायालयांनी असे मान्य केले की, कर्जदार मुद्दल परत करू शकेल याची खात्री करून मगच तारणहक्क काढण्याची अट न्यायालय घालू शकते. २०१४ च्या मेरिट प्रकरणात नवव्या परिमंडळाने दावा दाखल करतानाच ही क्षमता दाखवण्याची गरज नाही, असे सांगून ही अट काहीशी सौम्य केली.

न्यायालयांची भूमिका अन्याय्य म्हणता येणार नाही. तारण गेले आणि मुद्दलही परत आले नाही, तर कर्जदाता पूर्णपणे असुरक्षित होतो. परंतु त्याचा व्यावहारिक परिणाम विषम आहे. ज्याला दुसरीकडून कर्ज मिळू शकते, ज्याच्या घराचे मूल्य कर्जाहून अधिक आहे, तो तीन वर्षांचा अधिकार वापरू शकतो. ज्याचे हप्ते थकले आहेत, पत ढासळली आहे आणि घराची किंमत कर्जाखाली घसरली आहे, त्याला या अधिकाराची सर्वाधिक गरज असते. तोच मुद्दल उभे करू शकत नाही. त्याच्यासाठी हा अधिकार बहुधा तडजोडीच्या वाटाघाटीतील एक साधन म्हणून उरतो.

९. भारतातील स्थिती

भारतात गृहकर्जाचा करार स्वाक्षरीनंतर विनाकारण रद्द करण्याचा असा सर्वसाधारण वैधानिक अधिकार नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १९ व १९अ अन्वये जबरदस्ती, फसवणूक, चुकीचे निवेदन किंवा गैरवाजवी प्रभाव यांमुळे संमती मिळवली असेल, तर करार रद्द करता येतो. पण ते सिद्ध करण्याचा भार कर्जदारावर असतो आणि कलम ६४ नुसार मिळालेला लाभ परत करावा लागतो. बदलत्या व्याजदराचे व्यक्तिगत गृहकर्ज मुदतपूर्व फेडल्यास बँकांनी शुल्क आकारू नये, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये दिला. त्यामुळे कर्जातून बाहेर पडणे सुलभ झाले. मात्र मुदतपूर्व फेड म्हणजे रद्दता नव्हे. भरलेले व्याज, प्रक्रिया शुल्क आणि मुद्रांक शुल्क त्यातून परत मिळत नाही.

अलीकडच्या काळात विचारासाठी वेळ देण्याचे तत्त्व भारतातही अन्य मार्गांनी आले आहे. विमा पॉलिसी परत करण्याची मुदत २०२४ च्या नियमांनी ३० दिवस केली. डिजिटल माध्यमातून दिल्या जाणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मुद्दल व त्या काळापुरता खर्च भरून, दंडाविना बाहेर पडण्याची मुदत सक्तीची केली. २०२५ च्या निर्देशांत ही मुदत किमान एक दिवस ठरवण्यात आली. गृहकर्जाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते ते १५ एप्रिल २०२४ चे परिपत्रक. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ मुदत कर्जांसाठी वार्षिक टक्केवारी दर व सर्व शुल्के दर्शवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जासाठी ते विवरणपत्र किमान तीन कामकाजाचे दिवस वैध राहिले पाहिजे.

येथे एक अर्थपूर्ण भेद दिसतो. भारतातील तीन दिवस स्वाक्षरीपूर्वीचे आहेत, अमेरिकेतील स्वाक्षरीनंतरचे. फ्रान्सने १९७९ च्या कायद्याने पूर्वविचाराचा मार्ग अधिक कडकपणे स्वीकारला. तेथे गृहकर्जाचा प्रस्ताव मिळाल्यापासून १० दिवस उलटण्यापूर्वी कर्जदारास तो स्वीकारताच येत नाही. अमेरिकेतही ३ ऑक्टोबर २०१५ पासून बहुतेक गृहकर्जांत अंतिम माहितीपत्रक करारापूर्वी तीन कामकाजाचे दिवस हाती पडणे आवश्यक झाले. घरखरेदीच्या कर्जाला नंतरचे तीन दिवस मिळत नाहीत, पण आधीचे तीन दिवस मिळतात.

भारतीय तरतुदीत उणीव आहे ती परिणामाची. विवरणपत्र तीन दिवस वैध असले, तरी कर्जदारास तीन दिवस थांबण्याची सक्ती नाही. त्याच दिवशी सही घेता येते. तसेच विवरणपत्र दिले नाही किंवा चुकीचे दिले, तर नियामकाकडे तक्रार करता येते, पण त्या चुकीमुळे कर्जदारास कराराबाहेर पडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. अमेरिकी कायद्यात माहितीतील त्रुटीचा परिणाम थेट तारणावर होतो, आणि म्हणूनच कर्जदाते माहितीकडे गांभीर्याने पाहतात.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, अमेरिकी कर्जदाराचा रद्द करण्याचा अधिकार आधीपासून मालकीच्या घरावरील नव्या तारणापुरता मर्यादित आहे. घरखरेदीचे कर्ज त्याच्या कक्षेबाहेर आहे. दुसरा, तीन दिवसांचा अधिकार परिणामकारक आहे, कारण त्या काळात पैसा हस्तांतरित होत नाही. तिसरा, तीन वर्षांचा वाढीव अधिकार कर्जदात्याने माहिती न दिल्याची शिक्षा असली, तरी मुद्दल परत करण्याच्या अटीमुळे तो दुर्बल कर्जदाराच्या हाती कमकुवत होतो. चौथा, प्रती मिळाल्याच्या पोचपावतीवरील सही संपूर्ण अधिकार निष्प्रभ करू शकते.

भारताच्या संदर्भात अमेरिकी तरतूद जशीच्या तशी स्वीकारण्यापेक्षा तिच्यातील मूळ तत्त्व स्वीकारणे अधिक उचित ठरेल. विवरणपत्र हाती पडल्यापासून ठराविक दिवस उलटल्याविना करार व वितरण होऊ नये, आणि विवरणपत्रातील गंभीर त्रुटीचा आर्थिक परिणाम कर्जदात्यास भोगावा लागावा, अशी तरतूद झाल्यास कर्जदारास वेळ आणि माहिती दोन्ही मिळतील. जेसिनोस्की प्रकरणाचा बोध हाच आहे की, पैसा हाती येण्यापूर्वी वाचलेला एक कागद नंतर लढवलेल्या सात वर्षांच्या दाव्याहून अधिक मोलाचा असतो. वाणिज्य व विधी शाखांच्या विद्यार्थ्यांना कर्जकरार शिकवताना प्रत्यक्ष विवरणपत्राचे वाचन हा अभ्यासाचा भाग झाला, तर त्या दिशेने महाविद्यालयीन स्तरावरही सुरुवात करता येईल.